फोर्टातला तो निळा बोर्ड उतरवा, साहेब

प्रति,
फोर्ट भागात इतिहासाचे फलक लावायला ज्यांची सही लागते ते साहेब, आणि त्या फलकांचा मजकूर पास करणारी मंडळी

साहेब, नमस्कार.

आधी दोन अर्ज दिलेत. दोन्हीचे इनवर्ड नंबर माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचंच आलं आणि त्यात लिहिलेलं की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात येत आहे. संबंधित विभाग कुठला ते काय लिहिलं नव्हतं, मी पण आता शोधायचा सोडलाय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. शिव्या देणार नाही, घाबरू नका, पण जरा लांबेल.

मी वरळी कोळीवाड्यातला. आजा समुद्रात डोल जाळं लावायचा, बाप पण तेच, आमच्या घरात शर्ट इन करून सकाळची बस पकडणारा पहिला माणूस मीच. फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, २३ वर्षं झाली. एकला डबा, सव्वाला पाय मोकळे करायला खाली, हा नेम पावसात पण मोडत नाही. त्या नेमात कधीतरी फुटपाथ नवा झाला, दगडी बाकडी आली, दिवे जुन्या स्टाइलचे आले, छान वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग एक दिवस तो निळा बोर्ड आला.

वर मोठ्या अक्षरात इंग्रजी, खाली बारीक मराठी. राणीचं चित्र, सात बेटांचा हिरवा नकाशा आणि कोपऱ्यात एक क्यूआर कोड, तो उन्हाने इतका उडालाय की माझा मोबाईल त्याला आता चेहरा समजतो. मराठी मजकूर मी जसाच्या तसा उतरवून घेतलाय: "१६६१ पूर्वी मुंबई हा सात दलदलीच्या बेटांचा समूह होता जिथे काही मच्छिमारांच्या झोपड्या अस्तित्वात होत्या. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात ही सात बेटे ब्रिटिशांना हुंड्यात प्राप्त झाली. दूरदृष्टीच्या गव्हर्नरांनी जमीन पुनर्प्राप्तीद्वारे एका महान शहरास जन्म दिला."

संपलं. एवढाच इतिहास. माझ्याबरोबर ऑफिसातला एक नवीन मुलगा होता, नागपूरचा, त्याने वाचलं आणि सहज म्हणाला, म्हणजे तुमच्याच झोपड्या का हो? हसून म्हणाला, मनात काही नव्हतं त्याच्या. मी पण हसलो. पण संध्याकाळी बसमध्ये हाजीअलीच्या वळणावर आलो तेव्हा ते परत आठवलं आणि तेव्हापासून ते "काही" माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर साहेब, हिशोबाचा माणूस आहे, त्या "काही"पासूनच सुरू करतो. इंग्रजांच्या ताब्यात बेट आलं तेव्हा इथे किती माणसं होती? त्यांच्याच लोकांचा अंदाज १०,०००च्या आसपास आहे. त्या काळात १०,००० म्हणजे काही झोपड्या नव्हेत हो. कोळी होते, भंडारी होते, आगरी, कुणबी, पाठारे प्रभू, पाचकळशी, कोकणी मुसलमान होते, पोर्तुगीजांच्या काळात बाटून ख्रिस्ती झालेले आपलेच लोक होते ज्यांनी पुढे १८८७ साली राणीच्या ज्युबिलीच्या वेळी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. भाताची शेतं होती, मिठागरं होती, नारळाच्या वाड्या होत्या, माडाची ताडी काढणारे होते आणि त्या ताडीवर कर लावणारे पण होते. कर लावायला राज्य लागतं, झोपड्यांवर कोण कर लावत बसतंय.

आणि त्या आधीचं? बोर्डावर १६६१च्या आधी नुसता चिखल आहे. साहेब, परळला १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक शिव निघाला, एकाच दगडात सात मूर्ती, माणसापेक्षा दुप्पट उंच म्हटलं तरी चालेल, जाणकार त्याला सहाव्या शतकाच्या सुमाराचा धरतात. म्हणजे घारापुरीची लेणी ज्या काळातली साधारण त्याच काळातला. तो आज परळला बारादेवीच्या देवळात उभा आहे. चिखलात कोण एवढा दगड घडवतो? वाळकेश्वर, बाणगंगा शिलाहारांच्या काळातली. माहीमला मखदूम अली माहिमी या सूफी विद्वानांचा दर्गा आहे, ते वारले १४३१ साली, तेव्हा माहीम गुजरातच्या सुलतानाकडे होतं आणि चांगलं नांदतं बंदर होतं. पोर्तुगीजांना तरी ही बेटं कुठे पडलेली सापडली, गुजरातच्या बहादूरशहाला मोगलांनी घेरलेलं म्हणून त्याने १५३४च्या डिसेंबरात वसईचा तह करून वसई आणि त्याबरोबर ही बेटं त्यांना दिली. म्हणजे तुमच्या त्या हुंड्याच्या आधी एकदा सव्वाशे वर्षांपूर्वी पण ही बेटं दुसऱ्याच्या भांडणात सहीने गेलेली होती, आणि दोन्ही वेळेला इथे राहणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. आता कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर आमच्या होड्यांसाठी ६० मीटरचं १२० करून घ्यायला आमच्या लोकांना २०२२ पर्यंत भांडावं लागलं, त्यामुळे न विचारण्याची आम्हाला सवय आहे, पण ते असो, तो वेगळा विषय.

एक दगड मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. परळलाच शिलाहार राजा अपरादित्याचा एक लेख सापडला, शके ११०९ म्हणजे इसवी सन ११८७चा. लेख संस्कृत, पण शेवटची शापाची ओळ मराठीत, कारण शाप कळायला पाहिजे ना लोकांना. जो कोणी हे दान मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट देवाचा कोप, आणि पुढे गाढवाची ती शिवी, जी मी इथे लिहीत नाही, गधेगाळ म्हणजे काय ते तुमच्या समितीतल्या कुणालाही विचारा. सांगायचा मुद्दा असा की तुमच्या बोर्डाच्या "जन्माच्या" पावणेपाचशे वर्षं आधी या शहरात सरकारी दगडावर मराठी लिहिली जात होती, आणि ती आजच्या तुमच्या बोर्डावरच्या मराठीपेक्षा सरळ होती.

आता हुंडा. ही गोष्ट शाळेपासून ऐकतोय, सांगायला मजा येते, मी पण माझ्या पोरीला सांगितलेली. पण बोर्डावर लिहायची तर पूर्ण लिहा. २३ जून १६६१ला तह झाला, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागान्झाची कॅथरीन, लग्न पुढच्या वर्षी. हुंड्यात मुख्य होते पैसे आणि टॅंजिअर, मुंबई त्यातलं एक कलम. आणि कलमात काय, तर मुंबईचं बंदर आणि बेट. बेट, एक. सात बेटं हिरव्या रंगाने रंगवून ताटात घालून दिली असं काही झालं नाही. म्हणूनच तर पुढचा सगळा तमाशा झाला. इंग्रज म्हणाले उत्तरेचं मोठं साष्टी बेट पण आमचं, पोर्तुगीज म्हणाले साष्टी सोडा, माहीम पण तुमचं नाही. १६६२ साली ताबा घ्यायला इंग्रजांचा अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन आला, गोव्याच्या व्हाइसरॉयने कागदावर खोट काढून ताबा दिला नाही, म्हणून ही पलटण जाऊन बसली कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. तिथे रोगाने आणि उपासमारीने माणसं मेली, शिपमन स्वतः १६६४ मध्ये तिथेच मेला, आणि १८ फेब्रुवारी १६६५ला हम्फ्री कुक नावाच्या त्याच्या सेक्रेटरीने शेवटी ताबा घेतला तेव्हा जेमतेम शंभराच्या आसपास लोक उरलेले. कागदावर सह्या झाल्या त्या डोना इनेस दे मिरांदा या विधवा बाईच्या वाड्यात, बेटाची मालकीण तीच होती. तोच वाडा जिथे शंभरएक वर्षं आधी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बेट भाड्याने घेऊन राहिला होता, आपल्याकडच्या औषधी झाडांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं. तो वाडा म्हणजे आजचा बॉम्बे कॅसल, नौदलाच्या आवारात, तुमच्या बोर्डापासून चालत दहा मिनिटं. एवढी भारी गोष्ट दहा मिनिटांवर आहे आणि तुम्ही राणीचं चित्र लावलंय!

कुलाबा तर आणखी दहाएक वर्षांनी मिळालं. साष्टी इंग्रजांना मिळाली १७७४च्या डिसेंबरात, तीही पोर्तुगीजांकडून नाहीच, मराठ्यांकडून, लढून. मधल्या काळात चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतलेली. ती पडल्यावर इंग्रजांची झोप उडाली आणि फोर्टाभोवती खंदक खणायचं ठरलं, त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढून दिले. मला हे आवडतं, मराठे एकदाही फोर्टात शिरले नाहीत पण फोर्टाचा खंदक त्यांच्या भीतीने खणला गेला. हे बोर्डावर एका ओळीत मावतं.

आणि हुंडा घेणाऱ्याला त्याचं किती कौतुक होतं ते पण लिहा ना. राजाला ही जागा खर्चाला भारी पडली, म्हणून २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्याने. दहा. दर ३० सप्टेंबरला भरायचे. मी अकाउंट्सवाला आहे, मला ही एंट्री फार आवडते. महान शहराचं बारसं असं असतं का, की नको ती डोकेदुखी, घ्या तुम्हीच सांभाळा?

नावाचं पण सांगतो. बोर्डावर नाही पण तुमच्याच हेरिटेज वॉकवाल्या गाईड मुली रोज सांगतात, बोम बाहिया, चांगली खाडी, त्यावरून बॉम्बे. अहो पोर्तुगीजमध्ये खाडी बाई आहे, बाई असली की बोम होत नाही, बोआ होतं. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेत एवढी चूक करेल का? मुंबादेवी आहे, मुंबाआई आहे, तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटीच्या आसपास होतं, कोटासमोरचं, म्हणजे फोर्टासमोरचं, मैदान मोकळं ठेवायला तिला पण भुलेश्वरकडे हलवलं. देवीलाही सुटलं नाही, आम्ही कोण.

आता माझा खरा राग ज्या शब्दावर आहे तो. पुनर्प्राप्ती. हे कुणी मशीनमधून काढलंय ते दिसतंच आहे, पण थांबून विचार करा, पुनर्प्राप्ती म्हणजे गेलेलं परत मिळवणं. समुद्राने कुणाची जमीन चोरली होती? आपल्याकडे याला साधा शब्द आहे, भराव. भरणी. समुद्रात दगड माती टाकून भरला. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून म्हणतात, हे भरणीच्या आधीचं, ते भरणीच्या नंतरचं. आमच्या खडपात कालवं कुठे मिळायची, निवट्या कुठल्या चिखलात धरायच्या, उधाणाला पाणी कुठपर्यंत यायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात त्या हिशोबाने बसलंय. एक शब्द तुम्ही बदललात तर अर्धा बोर्ड आपोआप सरळ होईल.

आणि भरला कोणी? हॉर्नबी वेलार्ड घ्या, आमच्या दारातलंच आहे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं खिंडार, भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा तो पार भायखळ्याच्या सखल भागात, पायधुणीला लोक पाय धुऊन पुढे जायचे म्हणून ती पायधुणी, उमरखाडीला खाडी होती म्हणून उमरखाडी. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना हा बांध घातला, १७८४च्या सुमाराला पुरा झाला, बेटांचं एक बेट व्हायला खरी सुरुवात तिथून. हॉर्नबीचं नाव लागलं, ठीक आहे, हुकूम त्याचा होता. पण वेलार्ड हा शब्द पण पोर्तुगीज वळणाचा, आणि बांध टिकेना तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आल्या, वरळीच्या खाडीतून मूर्ती काढ मग बांध टिकेल, आणि मूर्ती काढून महालक्ष्मीला स्थापना केल्यावर बांध उभा राहिला, ही कथा मुंबईतल्या निम्म्या मराठी घरात माहीत आहे. कथा आहे, मी इतिहास म्हणून लिहा म्हणत नाही. पण कथेत तरी एका इथल्या माणसाचं नाव आहे, तुमच्या बोर्डावर तेवढंही नाही. डोक्यावरून दगड वाहणाऱ्यांची नावं तर कुणीच लिहून ठेवली नाहीत, त्याला आता इलाज नाही. पण "मजुरांनी भरला" एवढं लिहायला काय लागतं?

ज्यांची नावं माहीत आहेत त्यांची पण गत तीच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आला, त्याने आणि त्याच्या पोरानातवंडांनी इथल्या गोदीत जहाजं बांधली, सागवानाची, त्यातलं १८१७चं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये तरंगतंय, दोनशे वर्षं झाली. माहीमचा कॉजवे १८४५ला झाला तो लेडी अवाबाई जमशेटजींनी दीड लाखाच्या वर रुपये दिले म्हणून, आणि टोल घ्यायचा नाही या अटीवर, आता ही अट वाचून हसू येतं. रामा कामती, वाळकेश्वरचं पोर्तुगीजांनी पाडलेलं देऊळ ज्याने १७१५ला परत बांधलं, कंपनीच्या बाजूने लढला, मोठा माणूस, त्याच्यावर १७२०ला कान्होजी आंग्र्यांशी पत्रव्यवहार केल्याचा खटला भरला, मालमत्ता जप्त, माणूस कैदेतच मेला, आणि ज्या पत्रावर हे सगळं झालं ते पत्रच खोटं होतं असं नंतर निघालं. हा कोटातलाच खटला साहेब. लोक उभे राहून वाचतील असा बोर्ड होईल याचा, क्यूआर कोड न लावता.

भंडाऱ्यांचं पण राहिलं. गेराल्ड ऑंजिअर, १६६९ ते १६७७ गव्हर्नर, हा माणूस खरंच हुशार होता, मी नाकारत नाही. टांकसाळ काढली, कोर्ट काढलं, जातीजातीच्या पंचायती मानल्या, जमीनवाल्यांशी १६७२ला करार केला की सगळ्यांनी मिळून वर्षाला २०,००० जेराफिन, म्हणजे तेव्हाची पोर्तुगीज नाणी, भरायचे आणि जमिनी त्यांच्याकडे राहणार. म्हणजे बघा, झोपड्यांच्या बेटावर जमीनवाले होते आणि गव्हर्नरला त्यांच्याशी बसून बोलावं लागलं! त्याच्या काळात वस्ती १०,०००ची ६०,००० झाली असा तेव्हाच्या एका इंग्रज डॉक्टरचा अंदाज आहे. आणि रखवालीला कोण, तर भंडाऱ्यांची पथकं. पुढे १६९०च्या सुमाराला जंजिऱ्याच्या सिद्दीची माणसं बेटावर घुसली आणि प्लेगने इंग्रज अर्धमेले झालेले, तेव्हा रुस्तुमजी दोराबजी या पारशाने कोळी जमवून त्यांना हाकललं, त्यावरूनच त्यांच्या घराण्याला पाटील ही पदवी मिळाली. कोळी जमवून. ते झोपड्यांतले काही मच्छिमार.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल हा माणूस इंग्रजांनी काही केलंच नाही म्हणतोय. तसं नाही हो. माझी नोकरी फोर्टात आहे, मी ज्या इमारतीत बसतो ती त्यांनीच बांधलेली, छत उंच आहे, उन्हाळ्यात पंख्यावर भागतं, रोज त्याचे आभार मानतो. १६ एप्रिल १८५३ची ठाण्याची गाडी, १८६०नंतरचं कापसाच्या पैशाने आलेलं वेड, गव्हर्नर फ्रीअरने कोटाच्या भिंती पाडल्या त्याने शहर मोकळं झालं, सगळं मान्य. अफू आणि कापूस पण त्यातच धरा मग, नुसती दूरदृष्टी नको. माझं म्हणणं एवढंच आहे की जन्म दिला हे क्रियापद चुकीचं आहे. वयात आलेल्या माणसाला कोणी जन्म देत नाही, फार तर कामाला लावतो.

आता मागण्या. ऑफिसची सवय आहे, सुटसुटीत लिहितो.

एक, तो बोर्ड उतरवा. दुरुस्त करू नका, चिकटपट्टी लावू नका, उतरवा.

दोन, नवीन मजकूर आधी मराठीत लिहून घ्या, मराठीत लिहिणाऱ्या माणसाकडून, आणि मग इंग्रजी करा. या शहराचं पहिलं मोठं वर्णन १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी मराठीत लिहिलंय. दीडशेच्या वर वर्षांपूर्वी जमलं ते आत्ता मशीनवर का टाकावं लागतं. "फोर्ट गेट" चं "किल्ल्याचे फाटक" तुम्ही दुसऱ्या एका बोर्डावर केलंय, अहो आपण त्याला कोट म्हणायचो, कोटाचा दरवाजा, आणि चर्चगेट म्हणजे स्टेशन नाही, आता जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथला दरवाजा, हे सांगा ना लोकांना, स्टेशनवर रोज लाखो उतरतात त्यांना माहीत नाही.

तीन, "काही मच्छिमारांच्या झोपड्या" हे शब्द कुठल्याच फलकावर, पत्रकावर, वॉकच्या स्क्रिप्टमध्ये येऊ देऊ नका. कोळीवाडे म्हणा, गावं म्हणा, नावानिशी म्हणा. वरळी, माहीम, माझगाव, शीव, परळ. नावं अजून आहेत, तुम्हाला शोधावी पण लागणार नाहीत, बसवर लिहिलेली असतात.

चार, हुंडा हा शब्द ठेवायचा तर त्याच्या शेजारी १५३४, १६६५ आणि १६६८ पण ठेवा. तीन आकडे, जास्त जागा लागत नाही. राणीचं चित्र थोडं लहान करा.

पाच, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या किल्ल्याचा जो तुकडा उरलाय तिथे नीट माहिती लावा. बॉम्बे कॅसल बघायला वर्षातून काही दिवस तरी शाळांना सोडता येईल का ते नौदलाला विचारा. नाही म्हणाले तर नाही, पण विचारा.

सहा, मजकूर पास करायच्या आधी एकदा आमच्याकडे या. वरळीला, माहीमला, माझगावला, कुठेही. समिती म्हणून नको, चहा प्यायला या. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या नाखव्याला मी बोर्डाचा फोटो दाखवला, त्याने चष्मा वर करून बराच वेळ सात बेटांचा नकाशा बघितला आणि म्हणाला, यात आपली खाडी उलट्या बाजूला काढलीय. मी परत बघितलं. खरंच उलट्या बाजूला काढलीय.

हे सातवं समजा, नकाशा दुरुस्त करा.

दुसऱ्या अर्जाची पोचपावती मी पाकिटात ठेवलीय, दाखवायला लागली तर दाखवेन. मी रोज सव्वा एकला बोर्डासमोरच्या दगडी बाकड्यावर असतो, शनिवार रविवार सोडून. कुणाला पाठवलंत तर ओळखायला सोपं, हातात डब्याची पिशवी असते, आणि बुधवारी त्या पिशवीला सुक्या बोंबलाचा वास असतो.

आपला,
वरळी कोळीवाड्याचा एक रहिवासी, नोकरी फोर्ट